होमपेजवरचे ताजे पाच लेख

मराठी मासिकाची वेबसाइट करायची म्हटली की संपादकांची पहिली मागणी ठरलेली असते. होमपेज उघडले की ताजे लेख समोर दिसले पाहिजेत. शीर्षक, लेखकाचे नाव, मजकुराच्या दोन ओळी, एखादा फोटो. पीएचपी येणाऱ्या कोणालाही हे अर्ध्या तासाचे काम वाटते, आणि अर्ध्या तासात ते होतेही. धोका तिथेच आहे. लहान मासिके, ग्रंथालये आणि साहित्य संस्था यांच्या साइट सांभाळणे हा माझा व्यवसाय. दुसऱ्याने बांधलेली आणि आता बसलेली साइट माझ्याकडे येते, तेव्हा बिघाड बहुतेक वेळा याच पाच लेखांच्या यादीत सापडतो. वर्षभर तो दबून असतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी नियतकालिकांचा वर्षातला मोठा मुहूर्त ठरून गेला आहे. बिघाडही नेमका तोच मुहूर्त साधतो.

एका मासिकाच्या संपादकबाईंचा असाच ऐन दिवाळीत फोन आला. “अहो, अंकाचा दुवा सगळ्या ग्रुपांवर टाकला आणि साइट नुसती गोल गोल फिरतेय. वर्गणीदार मला विचारतायत.” होस्टिंगवाल्यांनी त्यांना नेहमीचे उत्तर दिले होते: ट्रॅफिक वाढलेय, मोठा प्लॅन घ्या. मी आलेख उघडून पाहिले. सीपीयू जवळजवळ रिकामा, मेमरी मोकळी, डेटाबेसवर काहीच ताण नाही. कामाने दमलेल्या सर्व्हरचे आलेख असे नसतात. तो कशाची तरी वाट पाहत बसला होता.

साइटची रचना नेहमीचीच होती. होमपेज हाताने लिहिलेले साधे पीएचपी आणि शेजारच्या फोल्डरमध्ये लेखांसाठी वर्डप्रेस. ते होमपेज लिहिणाऱ्याने ताजे लेख मिळवायला वर्डप्रेसची आरएसएस फीड वापरली होती. फीडमध्ये सगळे आयते मिळते, डेटाबेसला हात लावावा लागत नाही, त्यामुळे कल्पना तशी वाईट नाही. पण तो ती फीड साइटचा पूर्ण पत्ता देऊन मागवत होता आणि तीही प्रत्येक वाचकासाठी नव्याने. साइट स्वतःच्याच दारावर बाहेरून थाप मारत होती.

आता आत काय घडते ते पाहा. एका वेळी किती विनंत्या हाताळायच्या हे पीएचपी-एफपीएमला आधी सांगून ठेवलेले असते. त्याच्यासोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये हा आकडा ५ आहे, आणि अनेक लहान सर्व्हरांवर तो कोणी बदललेलाच नसतो. एक वाचक आला की एक वर्कर कामाला लागतो. तो फीड मागतो, आणि ती बनवायला दुसरा वर्कर लागतो. पाच वाचक एकदम आले की पाचही वर्कर होमपेज बनवायला बसतात आणि पाचही फीडची वाट पाहतात. ती बनवायला सहावा वर्करच नाही. बाहेरचा पत्ता उघडताना पीएचपी, वेगळे काही सांगितले नसेल तर, ६० सेकंद थांबते. स्क्रिप्टला ३० सेकंदांची मर्यादा घातली आहे, ती वाचवेल, असे कोणाला वाटेल. पण लिनक्सवर नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत धरला जात नाही. पाचही जण मिनिटभर ताटकळतात, तोवर मागे आणखी वाचक रांगेत उभे असतात, आणि मोकळा झालेला वर्कर लगेच पुढच्या वाचकाच्या होमपेजात अडकतो.

पाच वाचक ही काही गर्दी नव्हे. मोठा प्लॅन घेतला असता तर पाचाचे दहा झाले असते आणि साइट दहा वाचकांना बसली असती. म्हणून सर्व्हर शांत आणि साइट बंद अशी जोडी दिसली की आधी हे शोधा: आपले पान बनताना ते स्वतःच्याच साइटला, किंवा दुसऱ्या कोणाला, एचटीटीपीने हाक मारते आहे का? ती हाक काढून टाका. काही कारणाने काढता येत नसेल, तर निदान तिला दोन सेकंदांची मर्यादा घाला आणि उत्तर आले नाही तर जुनी यादी दाखवा.

फीड काढल्यावर दुसरा सोपा मार्ग सुचतो तो होमपेजच्या पहिल्या ओळीतच अख्खे वर्डप्रेस लोड करण्याचा. मग त्याची सगळी फंक्शने हाताशी येतात. मात्र त्यांच्याबरोबर सगळे प्लगइन, थीमची फंक्शने आणि सेटिंग्जचे गाठोडेही प्रत्येक वाचकासाठी उचलले जाते. त्यातून एक फंक्शन असे आहे की नावावरून ते याच कामासाठी बनवल्यासारखे वाटते: ‘डब्ल्यूपी_गेट_रीसेंट_पोस्ट्स’. ते प्रकाशित लेख देते, आणि स्थिती स्पष्ट सांगितली नाही तर ड्राफ्ट, मंजुरीसाठी थांबलेले, पुढच्या तारखेचे आणि खासगी लेखही देते. एका संस्थेच्या होमपेजवर अशा रीतीने एका हयात ज्येष्ठ लेखकाच्या मृत्युलेखाचा मथळा झळकला. असे लेख आधीच तयार ठेवण्याची नियतकालिकांची रीत जुनी आहे, त्यात गैर काही नाही. ड्राफ्ट बाहेर दिसत नाही, या भरवशावर ते ठेवले जातात. मथळ्यावर टिचकी मारली तर पान सापडत नव्हते, पण तेवढ्या मथळ्यानेही फोन सुरू व्हायचे ते झालेच. त्यामुळे फंक्शन कोणतेही वापरा, ‘फक्त प्रकाशित’ ही अट स्वतःच्या हाताने लिहा.

खरा प्रश्न मात्र कोणते फंक्शन वापरावे हा नाही. ताजे पाच लेख बदलतात कधी? संपादक नवा लेख प्रकाशित करतो, एखादा दुरुस्त करतो किंवा काढून टाकतो तेव्हा. मासिकाच्या साइटवर हे दिवसाला फार तर दोनदा-तीनदा घडते. वाचक येतात हजारो, आणि त्या हजारोंसाठी साइट तेच उत्तर हजारो वेळा नव्याने शोधत बसते. एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळा एकदा फळ्यावर लिहितात; प्रत्येक प्रवाशाला कंट्रोलरच्या खिडकीशी पाठवत नाहीत. आपल्यालाही असाच फळा हवा. लेख प्रकाशित होईल तेव्हा एकदाच यादी तयार करायची, लहानशा फाइलमध्ये लिहून ठेवायची, आणि होमपेजने ती फाइल फक्त वाचून दाखवायची. वाचकाच्या वाटेत वर्डप्रेसही नको आणि डेटाबेसही नको.

काही जण इथे मुदतीची कॅश लावतात, म्हणजे यादी दहा मिनिटे साठवायची आणि मग नव्याने करायची. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण त्यात दोन्हीकडचे तोटे आहेत. लेख टाकल्यावर संपादकांना तो दहा मिनिटे दिसत नाही आणि ते तुम्हाला फोन करतात. आणि गर्दीच्या वेळी मुदत संपली की त्या क्षणी आलेले सगळे वाचक यादी नव्याने बनवायला एकदम धावतात. यादी बदलण्याचा क्षण आपल्याला नेमका माहीत असताना घड्याळाकडे बघायचे कशाला?

यादी एकदाच करायची असली तरी ती नीट करायला हवी. स्वतः क्वेरी लिहिणाऱ्यांना एवढेच सांगेन की ‘सिलेक्ट स्टार’ लिहू नका, कारण त्याने पाचही लेखांचा पूर्ण मजकूर उगाच उचलला जातो. शीर्षक, दुवा, तारीख, लेखक आणि सारांश पुरेत. लेखकाचे नाव आणि विभाग प्रत्येक लेखासाठी वेगळी क्वेरी करून आणू नका. क्रमांकावरून ‘ताजे’ ठरवू नका; महिनाभर ड्राफ्टमध्ये पडून राहिलेल्या आणि आज प्रकाशित झालेल्या लेखाचा क्रमांक जुनाच असतो. तारखेने लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. दिवाळी अंकाचे सगळे लेख एकाच वेळेवर लावून ठेवलेले असतात. तारीख सारखीच असली की त्यातले कोणते पाच द्यायचे हे मायएसक्यूएल आपल्या सोयीने ठरवते, आणि तो क्रम दर वेळी तोच राहील याची हमी नाही. तारखेनंतर क्रमांक हा दुसरा निकष लावला की हा गोंधळ मिटतो. वर्डप्रेसच्या लेखांच्या टेबलावर प्रकार, स्थिती, तारीख आणि क्रमांक अशा क्रमाचा इंडेक्स आधीपासून आहे, म्हणजे ही क्वेरी त्यावरून सरळ चालते. वर्डप्रेसच्या क्वेरी वर्गातून लेख मागत असाल तर ‘नो_फाउंड_रोज’ खरे करा. नाहीतर पाच लेख देताना ‘एकूण लेख किती’ हेही तो मोजत बसतो. ती मोजणी पुढच्या पानांच्या आकड्यांसाठी असते, आणि होमपेजवर ते आकडे नसतातच.

इथवर सांगितलेले कोणत्याही भाषेच्या साइटला लागू आहे. पुढचा घोळ खास आपला. लेखाखाली दोन ओळी दाखवायच्या, तर मजकूर कुठेतरी कापावा लागतो, आणि पीएचपीचे ‘सबस्टर’ हे जुने फंक्शन मजकूर बाइट मोजून कापते. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, म्हणून तिथे निभावते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. ‘मराठी’ हा शब्द घ्या. ‘स्टरलेन’ त्याची लांबी १५ सांगते, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. ‘एमबी_स्टरलेन’ ५ सांगते. ‘ग्राफीम_स्टरलेन’ ३ सांगते, आणि शाळेतले मूलही तीनच मोजेल.

एका साइटवर सारांश १५० बाइटांवर कापला होता. १५० ला तीनने भाग जातो, त्यामुळे ज्याने तो आकडा निवडला त्याला चाचणीत काही दिसले नसेल. पण प्रत्येक मोकळी जागा, स्वल्पविराम आणि पूर्णविराम एका बाइटाचा असतो, आणि लेखागणिक त्यांची संख्या बदलते. मग काही लेखांत काप नेमका दोन चिन्हांच्या मध्ये पडतो आणि काहींत एका चिन्हाच्या पोटात. पोटात पडला की मजकूर वैध यूटीएफ-८ राहत नाही. पान सरळ छापले तर शेवटी चौकटीतले प्रश्नचिन्ह दिसते, आणि तो सगळ्यात सौम्य परिणाम. मजकूर ‘एचटीएमएल-स्पेशलकॅर्स’मधून नेला तर पीएचपी ८.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत ते फंक्शन, वेगळी सूचना दिली नसेल तर, संपूर्ण मजकुराऐवजी रिकामी ओळ देते. यादी जेसनमध्ये साठवायला गेलात तर ‘जेसन_एन्कोड’ अपयशी ठरून ‘फॉल्स’ देते, आणि तो ‘फॉल्स’ फाइलमध्ये लिहिला की फाइल कोरी होते. त्या साइटवर हेच झाले होते. पाच लेखांपैकी एकाचे एक चिन्ह अर्धवट कापले गेले आणि पाचही लेख होमपेजवरून गायब झाले. पुढचा लेख प्रकाशित केला की कधी यादी परत यायची, कधी नाही यायची. संपादकमंडळाने त्यावरून ‘अमुक लेखकाचा लेख साइटला चालत नाही’ असा निष्कर्षही काढून ठेवला होता. लेखकाचा दोष एवढाच की त्याने स्वल्पविराम मुबलक वापरले होते.

‘एमबी_सबस्टर’ने बाइट वाचतात, शब्द वाचत नाहीत. त्याने ‘मराठी’चे ‘मराठ’ होते, ‘पुणे’चे ‘पुण’ होते, आणि ‘महाराष्ट्र’ पाय मोडलेल्या ष वर थांबतो. तांत्रिकदृष्ट्या चूक नाही, पण वाचकाला ती मुद्रितशोधनाची चूक वाटते, आणि साहित्यिक मासिकाच्या होमपेजवर ती खपवून घ्यावी असे मला वाटत नाही. त्यापेक्षा अक्षरे मोजायचीच नाहीत. आधी टॅग काढून टाका, नाहीतर अर्धवट कापलेला ठळक अक्षरांचा टॅग खालचे सगळे पान ठळक करतो. मग मोकळ्या जागेवर शब्द तोडा आणि पंचवीस-तीस शब्द घ्या. तोडताना नियमित पदावलीला यूटीएफ-८ ची खूण म्हणजे यू द्यायला विसरू नका. वर्डप्रेसमध्ये ‘डब्ल्यूपी_ट्रिम_वर्ड्स’ हेच काम करते. मुळात ते ५५ शब्द घेते, होमपेजला तेवढे नकोत. ‘स्टर_वर्ड_काउंट’वर मात्र विसंबू नका, देवनागरी शब्द त्याला शब्द वाटतच नाहीत. आणि मजकुरातली अदृश्य चिन्हे झाडून काढणारा एखादा हौशी कोड असेल तर तो आधी तपासा. जुन्या टंकलेखनात अर्धा र दाखवायला असे एक अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. ते गेले की ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते.

खरे तर सर्वांत चांगला सारांश यंत्राने करूच नये. वर्डप्रेसमध्ये सारांशाची वेगळी चौकट असते. संपादकांना ती भरायची सवय लावा आणि कापाकापी फक्त ती रिकामी असेल तेव्हाच करा.

आता फाइल लिहिण्याविषयी. चालू फाइलवर थेट लिहू नका. लिहिणे चालू असताना कोणी वाचक आला तर त्याला अर्धी यादी मिळेल. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण फाइल लिहा, ती रिकामी नाही ना हे तपासा, आणि मग ‘रीनेम’ने तिला खरे नाव द्या. एकाच डिस्कवर हे नामांतर एका झटक्यात होते. वाचकाला जुनी यादी दिसेल किंवा नवी, मधली अवस्था नाही. जेसन वापरत असाल तर दोन सूचना द्या. एक, देवनागरी आहे तशी ठेव, कारण नाहीतर तीन बाइटांच्या प्रत्येक चिन्हाचे सहा अक्षरांचे सांकेतिक रूप होते आणि फाइल उगाच फुगते. दुसरी, चूक झाली तर गप्प बसू नकोस, अपवाद फेक. ही सोय पीएचपी ७.३ पासून आहे. मी स्वतः बहुधा जेसनही वापरत नाही, तयार एचटीएमएलचाच तुकडा लिहून ठेवतो. होमपेजला मग तो फक्त जोडून घ्यायचा उरतो.

यादी बनवण्याचे काम वर्डप्रेसच्या कोणत्या हुकला टांगायचे, यावर बरेच जण अडखळतात. सवयीने सगळे ‘सेव्ह_पोस्ट’ वापरतात. पण नव्या ब्लॉक संपादकातून लेख जतन होताना ‘सेव्ह_पोस्ट’ आधी चालतो आणि मुख्य चित्र व विभाग नंतर नोंदले जातात. परिणाम असा की नवा लेख यादीत येतो तो चित्राशिवाय, आणि संपादकांनी दुसऱ्यांदा ‘अपडेट’ दाबले की चित्र येते. ‘दोनदा दाबायचे’ हा अलिखित नियम मी एकाहून अधिक कार्यालयांत ऐकला आहे. वर्डप्रेस ५.६ मध्ये, २०२० च्या डिसेंबरात, याचसाठी ‘डब्ल्यूपी_आफ्टर_इन्सर्ट_पोस्ट’ हा हुक आला. तो सगळे नोंदून झाल्यावर चालतो. लेख कचऱ्यात टाकला तरी तो चालतो. कायमचा पुसलेला लेख तेवढा वेगळ्या वाटेने जातो. त्यासाठी ‘डिलीटेड_पोस्ट’लाही तेच काम जोडा.

चित्रांबद्दल फार लिहीत नाही. यादीत लघुचित्र वापरा. छायाचित्रकाराने पाठवलेला चार एमबीचा मूळ फोटो सीएसएसने लहान करून दाखवला तरी वाचकाच्या मोबाइलवर चार एमबीच उतरतात, आणि मग सर्व्हरवर वाचवलेल्या क्षणांना काही अर्थ उरत नाही. रुंदी-उंची लिहून ठेवा, म्हणजे चित्र आल्यावर मजकूर खाली उडी मारणार नाही.

इतके केले की होमपेज चटकन उघडते, आणि मग नवी तक्रार येते. “पहाटे सहाला लावलेला लेख साडेसातला आला.” पुढच्या वेळेवर लावलेले लेख प्रकाशित करणारी वर्डप्रेसची यंत्रणा खऱ्या घड्याळावर चालत नाही. कोणीतरी साइटवर येते, वर्डप्रेस लोड होते, तेव्हा ते ‘कोणाची वेळ झाली आहे का’ हे पाहते. पूर्वी होमपेजवरचा प्रत्येक वाचक नकळत हे घड्याळ पुढे ढकलत होता. आता होमपेज वर्डप्रेसला उठवतच नाही, म्हणून पहाटे कोणी आतला एखादा लेख उघडेपर्यंत नवा लेख तसाच पडून राहतो. यावर उपाय होस्टिंगच्या पॅनेलमध्ये आहे. तिथल्या क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसची क्रॉन फाइल चालवण्याची नोंद करा आणि कॉन्फिग फाइलमध्ये वाचकांच्या भरवशावरची क्रॉन बंद करा. क्रम मात्र हाच ठेवा, उलटा नको: आधी पॅनेलमधली नोंद, मग एक चाचणी लेख दहा मिनिटांनंतरच्या वेळेवर लावून तो आपोआप आला का ते पाहणे, आणि त्यानंतरच जुनी क्रॉन बंद करणे. साइटच्या सेटिंग्जमध्ये वेळ कोलकाता विभागाची आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्या. ती यूटीसीवर राहिली असेल तर पहाटे सहाचा लेख साडेअकराला येईल, आणि शोध तुम्ही क्रॉनमध्ये घेत बसाल.